शॅमॉयवाले साहेब, हे घ्या उत्तर

स्लिप गेज, म्हणजे मापं पडताळायचे अगदी अचूक ब्लॉक, ते पुसायच्या माझ्या मशीनवर मी लिहिलं त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: "भावा, आयपीए आणि शॅमॉयने दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला मोटर, पंप, कंट्रोलर कशाला? ग्रेड झिरोवर ब्रश फिरवणार? आयपीएच्या शेजारी उघडी डीसी मोटर? कधी स्टँडर्ड रूममध्ये पाय ठेवलायस का? खेळणं आहे हे." (बाकीच्यांसाठी: आयपीए म्हणजे पुसायचं अल्कोहोल, शॅमॉय म्हणजे पुसायचं मऊ कातडं, ग्रेड झिरो म्हणजे ब्लॉकच्या अचूकतेचा वरचा वर्ग, स्टँडर्ड रूम म्हणजे मापं पडताळायची एसी खोली.)

मुद्दे असतील तर मी ऐकून घेतो, कोणालाही विचारा. पण ते पाय ठेवण्याचं वाक्य लिहायची काय गरज होती हो? काल जेवताना वाचलं, बायको म्हणाली सोडून द्या, दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा नाही जमलं.

तर पाय. १९९८ ला आयटीआय करून वागळे इस्टेटमधे अप्रेंटिस लागलो तेव्हा पहिले सहा महिने स्टँडर्ड रूममधे पाय ठेवूच देत नव्हते, चपला बाहेर आणि आम्हीपण बाहेर. मग एक दिवस साहेबांनी ८७ पीसचा सेट पुसायला दिला, मी शहाण्याने खिशातल्या बनियन वेस्टने, म्हणजे मशीन पुसायच्या चिंधीने, २० एमएमचा ब्लॉक पुसला, त्यात कुठलातरी बारीक चुरा असणार, फेसवर, म्हणजे मापाच्या गुळगुळीत बाजूवर, ओरखडा. त्यानंतर तो ब्लॉक रिंगिंगला धरेचना, म्हणजे दुसऱ्या ब्लॉकला घासून चिकटेचना. साहेब ओरडले नाहीत, फक्त म्हणाले आता हा पेपरवेट. अजून आठवलं की कान गरम होतात.

पुढे रबाळ्याला क्यूसीत, म्हणजे माल तपासणीत. २६ जुलै २००५ ला पाणी भरलं, लाइट गेली, आम्ही सगळे सेट टेबलावर तसेच टाकून घराकडे पळालो. तीन दिवसांनी येऊन बघतो तर १०० एमएमच्या ब्लॉकवर गंजाने काढलेला माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ मोजता येईल असा. घामातलं मीठ आणि आपल्याकडची हवा, अजून काय लागतं? व्हॅसलिन लावायला दोन मिनिटं होती, मी लावलं नाही. म्हणून हे मशीन सुचलं साहेब, यूट्यूब बघून नाही. आणि "ठेवलायस का" कशाला? माझी मुलगी इंजिनियरिंगला आहे, तुमचं वय माहीत नाही पण ओळख नसताना अरेतुरे मी तरी करत नाही.

आता तुमचं शॅमॉय. मी २० वर्षं तेच वापरलं, वाईट नाहीच ते. पहिल्या ब्लॉकला मस्त, दहाव्याला ठीक. पण चाळिसाव्यापर्यंत तेच कातडं आधीच्या एकोणचाळिसांची धूळ घेऊन फिरतं, हात कंटाळलेला असतो, आणि १० एमएमपर्यंतच्या ग्रेड झिरोला लांबीत मुभा किती तर ०.१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग), धुळीचा एक कण त्याच्या कितीतरी पट मोठा. शिवाय बोटांची गरमी, १०० एमएमचा स्टील ब्लॉक एक डिग्रीने तापला की १ मायक्रॉनच्या वर वाढतो, मग माप घ्यायच्या २० डिग्रीवर यायची वाट बघत बसा. माझ्या मशीनमधे ब्लॉक नायलॉनच्या खाचेत बसतो, वरून आयपीएचा बारीक फवारा, आणि लिंट (बारीक तंतू) न सोडणारी टेप एका रिळावरून दुसऱ्यावर सरकते, एकदा पुसलेला तुकडा परत फेसला लागतच नाही. सगळा खेळ एवढाच आहे. शेवटी फिल्टरची कोरडी हवा. ती पण उगाच नाही, ऐरोलीला घरी जुलैत ट्रायल घेतली तेव्हा आयपीए उडताना ब्लॉक एवढा गार पडला की हवेतलं दमट त्यावरच बसलं, पुसलेल्या फेसवर धुकं! आता एसी रूमशिवाय चालवतच नाही.

ब्रश कुठेच नाहीये. टेप आहे, फोटो आहे, फोटोखाली लिहिलंय पण "टेप". वाचायचं नसेल तर निदान बघायचं तरी.

एक मान्य करतो, मी तेवढा हट्टी नाही. तिसऱ्या फोटोत मी ब्लॉक उघड्या बोटांनी धरलाय, हातमोजे नाहीत, ते चुकलं, फोटो बदलतो.

मोटरचं म्हणाल तर झाकण आहे त्याला, बघू. आयपीए पेट घेतं हे मला शिकवायची गरज नाही.

कंट्रोलर ३५० रुपयांचा आहे, तुमच्या चांगल्या शॅमॉयपेक्षा स्वस्त पडला असेल.

आणि खेळणं म्हणताच आहात तर या एका रविवारी रबाळ्याला, ८७ पीसचा सेट अर्धा तुम्ही पुसा अर्धा मशीन पुसेल, मग ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे फेस तपासायची सपाट काच, लावून दोघं मिळून बघू. शॅमॉय तुमचं तुम्ही आणा, माझं धुवायला टाकलंय. आणि हो, मोटर तोपर्यंत बाहेरच्या बाजूला घेतलेली असेल, तुम्ही म्हणालात म्हणून नाही, मला तशीही जागा कमी पडत होती.