जोडशब्दांच्या याद्या पुरे, पोरांना आधी सांधा दाखवा

स्पष्टच लिहिते, पहिली-दुसरीच्या पोरांना जोडशब्दांच्या याद्या पाठ करायला लावणं मला अजिबात पटत नाही. केर-कचरा, बाजार-हाट, दगड-धोंडे... डावीकडे अर्धा शब्द, उजवीकडे गाळलेली जागा, आणि पोरगं बसतंय घोकत. त्यात 'मीठ' पुढे कुणी 'मिरची' लिहिलं तर लाल फुली, कारण वर्कबुकात 'भाकर' छापलंय! अहो मीठमिरची पण म्हणतोच की आपण. यात वाचन कुठे आलं मला कुणीतरी सांगा.

खरी अडचण वेगळीच आहे. पोराला अक्षरं आली, काना-मात्रा आल्या, जोडाक्षरंही बऱ्यापैकी जमायला लागली, आणि मग लांब शब्द आला की गाडी अडते. 'वनभोजन' समोर ठेवा, व... नभो... जन. 'मनमोकळा' चं म... नमो... कळा. एकेक अक्षर बरोबर पण शब्द काही हाती लागत नाही. कारण आपण लिहितो 'वन' आणि म्हणतो वन्, शेवटचा अ गिळतो, आणि तो कुठे गिळायचा ते कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. वन एकीकडे भोजन एकीकडे हे दिसलं की उच्चारही सुटतो आणि अर्थही. म्हणून मी सांधा आधी तोंडी शिकवते, पाटीवर नंतर.

गाडीपासून सुरू करायचं, हे माझं आवडतं. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी, मालगाडी. विचारायचं, बैलगाडी कोण ओढतं? बैल. घोडागाडी? घोडा. मग मालगाडी काय माल ओढतो का? वर्ग नुसता फुटतो हसून, पण मग पोरं आपणहून भांडायला लागतात, नाही बाई त्यात माल भरतात, आणि हातगाडी हाताने ढकलतात, हातात धरून फिरवत नाहीत. म्हणजे शेवटचा शब्द वस्तू सांगतो, पहिला कसली ते सांगतो, आणि दोघांचं नातं काय ते मात्र आपलं आपण डोकं लावून शोधायचं, हे त्यांना न सांगताच कळलेलं असतं. आगगाडीला हमखास अडतात कारण त्यांनी बघितलीय ती विजेवर चालणारी. मग सांगायचं की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा इंजिनात खरोखरच आग असायची, लोकांनी जे बघितलं तेच नाव दिलं. तत्पुरुष-द्वंद्व वगैरे समासांची नावं मोठ्या वर्गात येतीलच, कुठे पळून जात नाहीत.

पुढचा टप्पा जरा किचकट आहे आणि नेमका तोच बरेच जण गाळतात. जोडताना शब्दाचा तुकडा बदलतो. पाणीचं पाण होतं: पाणघोडा, पाणकोंबडी, पाणमांजर, पाणबुडी, पाणपोई. तीळ पण तिळगूळ, फूल पण फुलपाखरू. मोठ्यांना हे इतकं सवयीचं असतं की त्यात शिकवण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही, पण पोराने 'पाण' कधी एकटं ऐकलेलंच नाही ना. आमच्याकडे तर बोलताना पानीच म्हणतात, त्यामुळे पाणपोई आणि पानपट्टी एकाच घरातले वाटतात पोरांना. एकदा पाणवाले सगळे शब्द एका ओळीत लिहिले की ण आपोआप डोक्यात बसतो, शुद्धलेखनाचा वेगळा तास लागत नाही.

उत्साहात पोरं नको तिथेही तोडतात. करवंद म्हणजे कर आणि वंद! चांगलंय की, तोडू द्या. फक्त विचारा, वंद म्हणजे काय रे? उत्तर नाही, मग हा एकच शब्द. तिथे एखादी चुणचुणीत पोर शेजारीपाजारी काढते, बाई मग पाजारी म्हणजे काय? आहे का उत्तर तुमच्याकडे? तिला म्हणायचं, तू घरी चहाबिहा, पुस्तकबिस्तक म्हणतेस ना, त्यातलंच हे.

आणि वाचायला साहित्य नाही म्हणून रडणाऱ्यांना माझं एकच सांगणं, एसटी स्टँडवर जा. वडगाव, पिंपळगाव, निमगाव, बोरगाव, आंबेगाव, जांभूळवाडी. झाड आणि गाव, झाड आणि वाडी. ज्या पोराला पिंपळ आणि गाव वाचता येतं त्याला पिंपळगाव अर्धं आलेलंच असतं, आणि ते आपल्या मामाचं गाव असेल तर विचारूच नका. अंगणवाडी तर पोरं वाचायच्या कितीतरी आधी बोलतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीच्या बाजूला आदिवासी पाड्यांवर जाऊन अंगणातच पोरांना शिकवलं, हे सांगितलं की त्या शब्दातलं अंगण त्यांना पहिल्यांदा दिसतं.

जाता जाता एक तक्रार. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या पोराने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं आहे. ठीक आहे, पण मराठीत 'पाणीपुरवठ्यासाठी' हा एक शब्द आणि 'मी' हाही एकच शब्द, मग घड्याळ लावून मोजायचं काय? उतारा निवडणाऱ्याच्या हातात पोराचा निकाल.

आणि बोर्ड रंगवणाऱ्यांनो, 'पाणी पुरवठा', 'बाल वाडी' असं तोडून लिहू नका हो. आम्ही वर्गात चिकटवतो, तुम्ही चौकात सुटं करता.

असो. झाडांवरून नाव पडलेली तुमच्या तालुक्यातली गावं सांगा मला, पुढच्या आठवड्यात वर्गासाठी शब्दपट्ट्या बनवायच्यात. वड-पिंपळ भरपूर झालेत, हिवर, पळस, बाभूळ असं काही असेल तर आधी.