त्या एका वाक्यावरून जर्मनांना जोखू नका

आज सकाळी आमच्या वाचक गटात कुणीतरी इंग्रज विनोदी लेखक जेरोम के. जेरोमचे एक मत टाकले : जर्मनांना आजवर चांगला राज्यकारभार लाभला आहे, पण ते यंत्र बिघडले की त्यांच्या अडचणी सुरू होतील. खाली शेरा होता की याने हिटलर तेहतीस वर्षे आधीच ओळखला होता आणि जर्मन माणूस म्हणजे जन्माचा हुकमाचा ताबेदार. त्यावर माना डोलावणाऱ्यांत चांगली वाचणारी मित्रमंडळी होती, याचा मला मनस्वी राग आला आहे.

हे मत 'थ्री मेन ऑन द बमेल' या तिघा मित्रांच्या जर्मनीतल्या सायकल सहलीवरच्या १९०० सालच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात येते. त्याच प्रकरणात जेरोम जर्मनांना भली, निःस्वार्थी, प्रेमळ आणि बहुधा जगातली सर्वांत चांगली माणसे म्हणतो, ते मात्र कुणाला टाकावेसे वाटले नाही. ड्रेस्डेनमध्ये तो राहिलेला होता. हिरवळीवर पाय ठेवू न देणाऱ्या पोलिसाची आणि बाबागाडीच्या नियमांची त्याने केलेली थट्टा ही घरच्या माणसाने घरच्यांची करावी तशी आहे.

फ्रायबुर्गला शिकत असताना माझ्या घरमालकीणबाईंकडे हे पुस्तक मी पहिल्यांदा पाहिले. जर्मन शाळांत ते इंग्रजीचे वाचन म्हणून लावले जात असे आणि ती प्रत त्यांच्या वडिलांची होती. कठीण शब्दांवर पेन्सिलीने अर्थ लिहिलेले होते. ज्या समाजाची टिंगल त्याच समाजाच्या शाळेत ते पुस्तक मुलांच्या हाती दिले जात असे, एवढी एक गोष्टसुद्धा 'ताबेदार' म्हणणाऱ्यांना विचारात पाडायला पुरेशी आहे.

जेरोम साऱ्या देशाला एकाच मापाने मोजतो, हे मान्य. पण विद्यार्थ्यांच्या तलवारबाजीवरचे त्याचे प्रकरण वाचा, तिथे तो मुळीच हसत नाही, त्या प्रथेवर सरळ टीका करतो. त्या प्रकरणाबद्दल बाईंनी त्याला पूर्ण दुजोरा दिला होता.

आतून लिहिणारी लेखिका हवी असेल तर एलिझाबेथ फॉन आर्निम आहे. ती सिडनीत जन्मली, प्रशियन सरदाराशी लग्न करून पोमेरेनियातल्या नासेनहाइडला राहिली आणि १८९८ मध्ये तिने 'एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन' नाव न देता छापले. बागेचे गोड पुस्तक म्हणून ते वाचणाऱ्यांना नवऱ्याविषयीची त्यातली धार दिसत नाही. पुस्तकभर ती त्याला 'क्रोधमूर्ती' म्हणते. १९०९ च्या 'द कॅरव्हॅनर्स'मध्ये तर तिने इंग्लंडमध्ये घोडागाडीतून फिरणाऱ्या एका प्रशियन बॅरनलाच निवेदक केले आणि बायकोला चाकरासारखे वागवणारा तो गृहस्थ आपल्याच तोंडाने उघडा पडत जातो. हा तिखटपणा तिने त्या घरात राहून कमावलेला आहे.

आणि खरोखर द्वेष विकणारे पाहायचे असतील तर विल्यम ले क्यूचे 'द इन्व्हेजन ऑफ १९१०' हे जर्मनीने इंग्लंडवर केलेल्या काल्पनिक स्वारीचे पुस्तक पाहा. १९०६ मध्ये ते 'डेली मेल'मध्ये क्रमशः आले, तेव्हा अंक जिथे जास्त खपावा त्या गावांतून जर्मन फौजा नेण्यात आल्या. जेरोमला या माणसाच्या पंगतीला बसवणे मला सहन होत नाही. कॅथरीन मॅन्सफील्डच्या १९११ च्या 'इन अ जर्मन पेन्शन'मधल्या (पेन्शन म्हणजे तिथे जेवणासह राहण्याचे घर) बव्हेरियन कथा आकसाने लिहिलेल्या आहेत, हेही कबूल; पण पुढे तिनेच त्यांच्या पुनर्मुद्रणाला नकार दिला.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा निवळला आहे, कारण बाईंचे बोलणे आठवले. यंत्र बिघडण्याच्या त्या ओळीशी येऊन त्या म्हणाल्या होत्या की वडिलांनी हे शाळेत वाचले आणि तरीही पुढे गणवेष चढवला. ते म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता. आपल्या कितीतरी घरांतली मुले आज स्टुटगार्ट आणि म्युनिकला नोकरी करतात, तिथल्या शेजाऱ्यांच्या सोबतीने सणवार साजरे करतात, आणि आपण इथे बसून त्या शेजाऱ्यांना एका ओळीत निकालात काढतो.

जॉन बकनचे 'ग्रीनमँटल' हे हेरकथेचे पुस्तक तर १९१६ चे, म्हणजे ऐन महायुद्धातले. त्यात स्टुम नावाचा क्रूर जर्मन अधिकारी आहे, पण तापाने फणफणलेल्या इंग्रज हेराला नाताळच्या सुमारास आसरा देणारी लाकूडतोड्याची गरीब बायकोही आहे. तिचा नवरा रशियन आघाडीवर लढतो आहे आणि घरात लहान मुले आहेत. युद्धाचा सूड अशा घरांवर उगवणे किती वेडेपणाचे आहे, हे त्या हेराला तिथे कळते. शत्रूशी लढाई चालू असताना, स्वतः सरकारच्या प्रचारखात्याशी जोडलेला असताना, बकनला हे लिहावेसे वाटले आणि इंग्रज वाचकांनी ते पुस्तक भराभर विकत घेतले.