झॅरिएलचे पतन सत्तेसाठी नव्हते
‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक जगात भूमिका वठवत खेळायच्या खेळातील झॅरिएल सत्तेच्या हव्यासापोटी पतित झाली, हे लेखातील विधान मला पटले नाही. मूळची देवदूत असलेली झॅरिएल नऊ नरकांपैकी पहिल्या, ॲव्हर्नसवर चालून गेली ती युद्धाच्या अनावर ओढीने. पराभवानंतर नऊही नरकांचा स्वामी ॲस्मोडियस याने तीच ओढ हेरून तिला तिथली अधिपती केले. वेशीवर राखण करणाऱ्या देवचाराला भीतभीतच मान देणाऱ्या आम्हा सिंधुदुर्गवासीयांना, नरकावर चालून येणाऱ्या दैत्यांच्या झुंडी थोपवून धरणारी ही भयंकर सेनानी चटकन उमगते.

मालवणात हा खेळ खेळताना आमच्या गटाने तिच्याशी लढण्याऐवजी तिची हरवलेली तलवार तिला परत देऊ केली, आणि तिच्या उद्धाराची शक्यता खेळातच ठेवलेली आहे हे तेव्हा आम्हाला प्रकर्षाने जाणवले. एवढ्या सविस्तर लेखात त्या तलवारीचा उल्लेखही नसावा, याची खंत वाटते.