व्यंजन : ताटातलं आणि वर्णमालेतलं

नमस्कार. ताटातलं व्यंजन आणि वर्णमालेतलं व्यंजन हे दोन वेगळे शब्द, मी त्यांचं ओढूनताणून नातं लावतो, आणि ‘स्वराच्या मदतीशिवाय उच्चारता येत नाही ते व्यंजन’ हाच मूळ अर्थ, असं तुमचं म्हणणं. वर ‘कोल्हापूरकराला व्याकरणातही रस्साच दिसायचा’ हा टोला. टोला झकास आहे. बाकीचं पटत नाही.

शाळेत घोकलेलं ते वाक्य व्याख्या आहे, व्युत्पत्ती नव्हे. वि + अञ्ज् आणि पुढं अन प्रत्यय, अशी या शब्दाची फोड. अञ्ज् म्हणजे माखणे, लावणे आणि उघड करणेसुद्धा. डोळ्यांत घालायचं अंजन याच धातूचं. व्यक्त, अभिव्यक्ती, काव्यशास्त्रातली व्यंजना, सगळी याचीच भावंडं. मदतीचा वास यात कुठंच नाही.

आता रस्सा. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘अन्नेन व्यञ्जनम्’ (२.१.३४). उदाहरण देतात दध्योदन, म्हणजे आपला दहीभात. इथं व्यंजन म्हणजे भाताला चव आणणारं दही. गंमत म्हणजे क-ख-गसाठी पाणिनी हा शब्द घेत नाही, तिथं त्याचं ‘हल्’. (त्यावरूनच हलन्त. खरं तर शेवटी हल् असलेला शब्द तो हलन्त, पण आपण पायमोडक्या खुणेलाच ते नाव देऊन मोकळे झालो.) वर्ण या अर्थानं व्यंजन भेटतं ते प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत. मी दोन्हींचा मेळ असा लावतो : पांढऱ्या भातावर तांबडा रस्सा पडला की त्याची चव उघडते, तसं नुसत्या ‘आ’ला क, ग, म लागले की का, गा, मा असे वेगवेगळे अर्थ उघडतात.

तुमच्या बाजूनं पतंजली उभा करता येईल, तुम्ही केला नाहीत म्हणून मीच करतो. पाणिनीच्या व्याकरणावरच्या त्याच्या महाभाष्यात आहे, ‘स्वयं राजन्ते स्वरा अन्वग्भवति व्यञ्जनम्’. स्वर स्वतः शोभतात, व्यंजन मागून येतं. पण हेही व्यंजनाचं वागणं झालं, शब्दाचं मूळ नव्हे. आणि ‘स्वयं राजन्ते’ ही स्वरची फोडसुद्धा जुन्या निरुक्तीच्या, म्हणजे आवाजाच्या साम्यावरून अर्थ लावायच्या, धाटणीची. स्वर आला तो ‘स्वृ’ म्हणजे आवाज करणे यावरून.

राहिली व्याख्या. तिखट लागल्यावर तोंडातून ‘स्स्स’ निघतं, पोराला गप्प करताना ‘श्श’, यांत स्वर कुठला? क, ट, प यांना मागं नाहीतर पुढं स्वर लागतो, तेवढ्यापुरती ती चालते.

हे दोन वेगळे शब्द असल्याचा दाखला तुमच्याकडं असेल तर इथंच टाका. फक्त ‘शाळेत शिकलोय’ नको, धातू आणि प्रत्यय सांगा.