दुधाच्या दाढा आणि फ्लोराइडची भीती

सिंहगड रोडवरच्या माझ्या दवाखान्यात हल्ली आईबाबा मुलाला खुर्चीत बसवायच्या आधी मोबाइल पुढे करतात. मेसेज एकच असतो: फ्लोराइड विष आहे, त्यानं मुलांची बुद्धी मंदावते, पुण्याच्या पाण्यात ते आधीच भरपूर आहे, दुधाचे दात तर पडणारच, तेव्हा पेस्ट फेका, कडुनिंब वापरा.

‘पडणारच’ या शब्दानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय, म्हणून आधी तोच घेते. परवा एक चार वर्षांचा मुलगा आला. आजी सांगत होत्या, “डॉक्टर, हा पोळी चावतच नाही, नुसता वरणभात गिळतो.” तोंड उघडलं तर खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांना खड्डे. कसा चावणार? त्या दाढा पडायच्या दहाव्या-बाराव्या वर्षी. तोवर त्यानं दुखणं सोसायचं का? शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे, एकही दात न पडता, कायमची दाढ येते. बऱ्याच घरांत तीही दुधाचीच समजली जाते आणि किडते.

त्याच मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ होती. किडीची सुरुवात अशी दिसते. जंतू साखरेचं आम्ल करतात, आम्लानं दातातले क्षार विरघळतात, लाळ ते परत भरते. त्या वेळी दातापाशी थोडं फ्लोराइड असेल तर भरलेला थर आम्लापुढे जास्त टिकतो. हे काम ते दातावर राहून करतं, त्यासाठी गिळावं लागत नाही. पांढऱ्या रेघेपर्यंत दात सावरू शकतो. खड्डा पडला की तो भरावाच लागतो.

आता विष. १००० पीपीएमच्या पेस्टमध्ये ग्रॅमला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. त्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांना मटारच्या दाण्याएवढी, म्हणजे पाव मिलिग्रॅमच्या आसपास. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम पोटात गेलं तर तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. बारा किलोच्या मुलासाठी हा हिशेब ६० ग्रॅम पेस्टचा होतो. म्हणून ट्यूब वरच्या फळीवर ठेवा आणि पेस्ट मोठ्यांनीच ब्रशवर लावा. जाहिरातीतल्यासारखी लांबलचक पट्टी कधीच नको.

बुद्धीचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमनं २०२४च्या अहवालात मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी जो संबंध नोंदवला, तो लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याच्या पातळीवरचा. दाण्याएवढी पेस्ट लावून थुंकण्याबद्दलचा तो निष्कर्ष नाही. मेसेजमध्ये नेमका हा आकडा गाळलाय.

पुण्याच्या नळाचं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांचं. फ्लोराइडचा त्रास असतो तो सहसा बोअरच्या पाण्याचा, खडकानुसार. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत दातांवर तपकिरी डाग पडतात, हाडं आखडतात. ते दुखणं खरं आहे. भारतीय मानकात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५. वाघोली-उंड्रीकडे तुमची सोसायटी बोअर किंवा टँकरवर असेल तर पाणी जरूर तपासून घ्या.

कडुनिंबाच्या काडीनं मळ निघतो, पण विरघळलेले क्षार परत बसवायला ती फ्लोराइडची जागा घेत नाही. आजोबांचे दात नुसत्या काडीवर टिकले असं म्हणाल, तर त्यांच्या लहानपणी दिवसातून चारदा चहात बुडवलेली बिस्किटं नव्हती.

त्या मुलाच्या दातांवर फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. ब्रशनं लेप द्यायला दोन मिनिटं लागली. आजींनी विचारलं, “घासल्यावर चूळ भरायची ना?” म्हटलं, थुंकू द्या, भरभरून चूळ नको. रात्री घासल्यावर दुधाची बाटलीही नको. त्यावर सूनबाई आजींकडे बघायला लागल्या. दाढा पुढच्या आठवड्यात भरणार आहे, आणि ती पांढरी रेघ तीन महिन्यांनी परत बघणार आहे.