ऑनलाइन औषधं बंद करण्यापेक्षा तपासणीचा रिपोर्ट दाखवा

भावाशी फोनवर बोलताना परत तोच विषय निघाला, ऑनलाइन औषधविक्री बंद करावी की नाही. तो म्हणतो, बंद करा ही केमिस्ट लोकांची मागणी बरोबर आहे, मोबाइलवर कसलीही चिठ्ठी अपलोड केली की औषध घरपोच, कोण बघतंय. पटतं मला, पण अर्धंच.

मी इंग्लंडमध्ये राहते, थायरॉइडच्या गोळ्या पोस्टाने येतात. पहिल्यांदा ज्या ऑनलाइन फार्मसीकडून घ्यायचे तिचं नाव एकदा जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलच्या साइटवर टाकलं, म्हणजे इथल्या फार्मसींवर देखरेख ठेवणारी संस्था, तर अख्खा तपासणीचा रिपोर्ट समोर. इन्स्पेक्टर न कळवता गेलेला. फ्रिजच्या तापमानाच्या नोंदीत मधले बरेच दिवस कोरे, आणि पेशंटने ऑनलाइन फॉर्ममधलं उत्तर बदलून पुन्हा ऑर्डर दिली तर कोणी फोन करून विचारलं का, याची कुठेच नोंद नाही. शेरा काय तर सगळे निकष पूर्ण नाहीत. मी त्याच दिवशी फार्मसी बदलली.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही हं. वजन कमी करायची इंजेक्शनं नुसता फॉर्म भरून मिळत होती, वजन खोटं टाकलं तरी पकडणार कोण. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये कौन्सिलने कडक सूचना काढल्या, आता नुसत्या फॉर्मवर भागत नाही, व्हिडिओ कॉलवर, प्रत्यक्ष किंवा जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रेकॉर्डवरून वजन-उंची पडताळायची. उशीर झाला, पण ऑनलाइन विक्री बंद केली नाही, नीट बघायला लागले.

आपल्याकडे औषधांचा मूळ कायदा १९४० चा. ऑगस्ट २०१८ मध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा निघाला, त्यात नोंदणी होती आणि दर दोन वर्षांनी जागेची तपासणीसुद्धा होती, त्याच डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितली, २०२३ मध्ये कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा गेल्या, आणि मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. आम्ही भांडतोय बंदीवर, आणि तपासणीचं कलम तसंच पडून आहे. याचा मला खरंच राग येतो, कारण पेशंटच्या कामाचं तेवढंच होतं.

भाऊ आईचं इन्सुलिन ॲपवरूनच मागवतो, जवळ वेळेवर मिळत नाही म्हणून. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात बॉक्स आला तेव्हा आइसपॅकचं पाणी झालेलं, आईने बाटली हातात धरली तर कोमट. कस्टमर केअरने बदलून देतो म्हटलं, पण गोदामात ती कशी ठेवली होती हे काही सांगता आलं नाही. मी भावाला विचारलं, त्या गोदामाची शेवटची तपासणी कधी झाली आणि काय निघालं, तुला कुठे वाचता येतं का? तो म्हणाला, असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.