दंतवैद्याचा एक्स-रे आणि मुंबईचे मंडळ

गेल्या डिसेंबरात पुण्याला आलो असताना कोथरूडमध्ये दातांचा दवाखाना चालवणाऱ्या माझ्या मामेभावाशी वाद झाला. एक्स-रे यंत्रांची नोंदणी आणि तपासणी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडेच राहावी, की राज्य सरकारने त्यातला वाटा उचलावा, हा प्रश्न होता. मंडळाच्या ‘ई-लोरा’ संकेतस्थळावर अर्ज केला की काम भागते, महापालिकेचा आणखी एक निरीक्षक दारात नको, असे त्याचे म्हणणे.

मी न्यू जर्सीत राहतो. यंत्र कोणत्या मानकांनुसार बनावे, हे येथे १९६८च्या कायद्याच्या आधारे संघराज्याचे अन्न व औषध प्रशासन ठरवते. परंतु यंत्र दवाखान्यात बसले की त्याची नोंदणी, तपासणी आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा परवाना हे सारे राज्याच्या पर्यावरण खात्याकडे जाते. (पर्यावरण खात्याचा एक्स-रेशी काय संबंध, असे मलाही सुरुवातीस वाटले होते.) ही व्यवस्था निर्दोष नाही, काही राज्यांत तंत्रज्ञाला परवाना लागतच नाही.

तरीही महालेखापरीक्षकांचा २०१२चा अहवाल माझ्या डोक्यातून जात नाही. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी जेमतेम ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. प्रत्येक राज्यात अशी केंद्रे तपासणारे किरणोत्सार सुरक्षा संचालनालय असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले होते. अहवालाच्या वेळी ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत होते. ई-लोरामुळे नोंदणी सोपी झाली, हे मान्य. पण जो अर्जच करत नाही, त्याच्या दारी संकेतस्थळ जात नाही.

सोनोग्राफीत तर किरणोत्सार नसतोच, ध्वनिलहरी असतात. तरी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे पुण्यातल्या सोनोग्राफी यंत्राची नोंद महापालिकेकडे करावीच लागते. शेजारच्या खोलीतल्या एक्स-रे यंत्राची चौकशी मात्र मुंबईने करायची! वीज बंद केली की ते यंत्र निरुपद्रवी होते. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे तसे नाही. २०१० मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारात तो पोहोचला आणि एकाचा जीव गेला. असे स्रोत केंद्राच्याच ताब्यात हवेत, दंतवैद्याचे यंत्र राज्याने पाहावे.

“पाहायला येणाऱ्याला त्यातले काही कळेल का, ते सांग,” भाऊ म्हणाला. हा आक्षेप मला खोडता आला नाही. संचालनालयात वैद्यकीय भौतिकीचे जाणकार नेमण्याऐवजी दुसऱ्या खात्यांतून बदलीवर आलेली माणसे बसवणार असतील, तर मी भावाच्या बाजूने मत देईन.